सूर्य सगळ्यांचा, छप्पर कोणाचे?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे दिवसाचा आरंभ सूर्याला अर्घ्य देऊन करण्याची चाल आहे. रथसप्तमीला अंगणात शेणीच्या विस्तवावर दूध उतू घालून त्याची पूजा होते. संक्रांत तर त्याच्याच संक्रमणाचा सण! अशा या सूर्यनारायणाने आता आपल्या घरातला दिवाही लावावा आणि तोही फुकट, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? ‘सौर ऊर्जा’ हे दोन शब्द उच्चारले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरते. वक्तृत्व स्पर्धेत या विषयावर बोलणारा विद्यार्थी कोळसा, धूर, प्रदूषण अशा पायऱ्या चढत शेवटी ‘सूर्याकडे चला’ असे आवाहन करतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. विरुद्ध बाजू मांडायला कोणी उभेच राहत नाही. ती बाजू मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक खुलासा करते. सूर्याशी माझे भांडण नाही, आणि विज्ञानाशी तर मुळीच नाही. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट तयार झाला. तेथून आज खेड्यापाड्यांतील घरांच्या छपरांपर्यंत आलेला हा प्रवास थक्क करणारा आहे. परंतु एखादी वस्तू चांगली आहे एवढ्यावरून ती सर्वांना सारखीच लाभते असे ठरत नाही. घरच्या छपरावर वीज करण्यात कोणत्या अडचणी आहेत, त्या कोणाच्या वाट्याला येतात आणि त्यांवर उपाय काय, हे आपण कोकणातल्या माणसांनी तरी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ जाहीर केली. १ कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवावीत आणि त्या घरांना महिना ३०० युनिटांपर्यंत वीज मोफत पडावी, असे तिचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. १ किलोवॅटच्या संचाला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. १ किलोवॅटच्या पॅनेलांना सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. हिशेब मोठा आकर्षक आहे. पण त्यातला ‘वर्षाची सरासरी’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आपण सरासरीत राहत नाही. आपण सिंधुदुर्गात राहतो.

येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. आषाढात सूर्यदर्शन होणे ही घरात सांगण्यासारखी बातमी असते. अशा दिवसांत पॅनेलांतून येणारी वीज निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. बरे, चैत्र-वैशाखात तरी भरपूर मिळत असेल म्हणावे, तर तेथे दुसरीच गंमत आहे. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. घटाचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी ती काच ६० अंशांपर्यंत तापली, तर दहा-बारा टक्के वीज उन्हामुळेच जाते! शिवाय आपली घरे माडा-फणसांच्या सावलीत. पॅनेलातले घट एकामागून एक साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे माडाची एक झावळी आडवी आली तरी तिच्या सावलीच्या मानाने नुकसान पुष्कळ मोठे होते. आता विजेसाठी माड तोडावा, असे म्हणणारा कोकणी माणूस अजून मला भेटलेला नाही.

पण याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती पॅनेल विकणारे सहसा आधी सांगत नाहीत. वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला साधा सौर संच लाईट गेल्यावर बंद पडतो. भर दुपारी लख्ख ऊन असले तरी बंद पडतो. याचे कारण शास्त्रीय आहे आणि योग्यही आहे. संचातला इन्व्हर्टर तारेतल्या विजेशी आपला ताल जुळवून चालतो. तारेतली वीज गेली आणि छपरावरची वीज मात्र उलट तारेत जात राहिली, तर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणून तो आपोआप थांबतो. आमच्या वाडीत एका निवृत्त गुरुजींनी हौसेने असा संच बसवला. पहिल्याच पावसात रात्री लाईट गेली, तेव्हा वाडीतली मुले ‘गुरुजींकडे तरी उजेड असेल’ म्हणून त्यांच्या पडवीत गेली. तेथेही मेणबत्तीच होती! गुरुजींनी सर्वांना इन्व्हर्टरचे शास्त्र समजावून सांगितले. परंतु त्या शास्त्राने त्या रात्री कोणाचा अभ्यास झाला नाही.

कोकणात लाईट जाणे ही नैमित्तिक घटना नव्हे. फांदी पडली, तार तुटली, खांब वाकला की चार-चार तास, प्रसंगी दोन-दोन दिवस अंधार असतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्यानेही तो अनुभव घेतला. म्हणजे ज्या दिवसांत माणसाला घरच्या विजेची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच दिवसांत हा संच हात वर करतो. उपाय आहे, संचाला बॅटऱ्या जोडाव्या लागतात. मात्र सरकारचे अनुदान पॅनेलाच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीचा भार ज्याचा त्याने उचलायचा. साधी शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, तिला वेळोवेळी शुद्ध केलेले पाणी घालावे लागते. लिथियमची अधिक टिकते, पण तिची किंमत ऐकून माणूस पुन्हा मेणबत्तीकडे वळतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. सूर्य दुपारी वीज देतो, आणि दुपारी आमच्या घरात असते कोण? बाबा गवंडीकामावर, आई काजूच्या कारखान्यात आणि मी कॉलेजात. उजेड हवा असतो संध्याकाळी सातनंतर. यावर ‘नेट मीटरिंग’ची तोड काढली आहे. दुपारची जास्तीची वीज तारेत सोडायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची. म्हणजे वीज कंपनीची तार ही आपली बँक झाली. व्यवस्था चांगली आहे. पण तिचा अर्थ हाही आहे की रात्री आपल्या घरात येणारी वीज सूर्याची नसून कोयनेच्या पाण्याची किंवा चंद्रपूरच्या कोळशाची असते. छपरावर पॅनेल बसवून कोणी ‘स्वयंपूर्ण’ होत नाही. खांब, तारा, रोहित्रे आणि मुसळधार पावसात खांबावर चढणारा वायरमन, हे सारे त्यालाही लागतेच.

तिसरी गोष्ट निगा राखण्याची. पॅनेल २५ वर्षे टिकते असे सांगतात, आणि काच व सिलिकॉन टिकतातही. पण त्याचे लोखंड, स्क्रू, तारा, जोड यांचे काय? खाऱ्या वाऱ्यात आमच्या खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत गंजतात. माकडांच्या टोळ्या छपरांवरून धावतात आणि कौले फोडतात. त्यांना पॅनेल आणि कौल यांतला भेद कोण शिकवणार? वादळात तर उचललेले पॅनेल शिडासारखे वारा धरते. बिघाड झाला की तालुक्याच्या गावाहून माणूस येईपर्यंत वाट पाहायची. याचा एक धडा बिहारमधल्या धरनाई या गावाने देशाला दिला आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात २०१४ मध्ये ‘ग्रीनपीस’ या संस्थेने १०० किलोवॅटचे सौर केंद्र उभे केले आणि गावाचे मोठे कौतुक झाले. परंतु त्या विजेवर जड उपकरणे चालेनात, तेव्हा गावकऱ्यांनी ‘खरी वीज’ मागितली. पुढे सरकारी तारांची वीज आली, बॅटऱ्या थकल्या, आणि ते केंद्र निरुपयोगी होऊन पडले. दोष सूर्याचा नव्हता. उद्घाटनाला जेवढी माणसे असतात तेवढी दुरुस्तीला नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर सांगितलेल्या अडचणी यंत्राच्या आहेत. यंत्रे सुधारतात; उद्या बॅटरी स्वस्त होईल, घट अधिक चांगले होतील. त्यामुळे या अडचणींची मला तितकीशी चिंता वाटत नाही. जी अडचण यंत्र सुधारल्याने जाणार नाही, तिच्याविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे. ती अडचण छपराची आहे.

गेल्या वर्षी आमच्या वाडीत एका विक्रेत्याचा माणूस आला होता. त्याने आमच्या अंगणात उभे राहून वर पाहिले आणि विचारले, “स्लॅब नाही?” आमचे घर चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे. वासे आजोबांच्या काळचे. दर वर्षी पावसाआधी बाबा स्वतः वर चढून फुटकी कौले बदलतात. कौलांवरही पॅनेल बसते, पण खालचे लाकूड तेवढे भक्कम हवे. मग त्याने विजेचे बिल मागितले. बिलावर नाव आजोबांचे. आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावरही त्यांचेच नाव. आजोबांना चार मुलगे आणि दोन मुली. त्यांतले तिघे मुंबईला, एक आत्या गोव्यात. मीटर बाबांच्या नावावर करायचे तर सगळ्यांच्या संमतीच्या सह्या हव्यात. गणपतीत सगळे एकत्र येतात खरे, पण तेव्हा आरत्या होतात, सह्या होत नाहीत. कोणाच्या मनात पाप असते असे नाही; ‘आज सही दिली आणि उद्या घरच गेले तर?’ एवढी शंका मात्र प्रत्येकाच्या मनात असते. त्या माणसाने आपली पिशवी बंद केली आणि तो पुढच्या घरी गेला. आजी ओटीवर बसली होती. ती एवढेच म्हणाली, “सूर्य सगळ्यांचो, छप्पर मात्र ज्याचा त्याचा.”

अर्थशास्त्राच्या वर्गात बसून मी तिच्या या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. सौर वीज मिळवायला सूर्य पुरत नाही. स्वतःच्या नावाचे, पक्के, सावली नसलेले छप्पर लागते. संच बसवताना हातात पैसा किंवा बँकेत पत लागते, कारण अनुदान खात्यात जमा होते ते संच बसल्यानंतर. आता ज्यांच्याजवळ यांतले काहीच नाही त्यांची यादी करा. सामाईक घरातली माणसे, भाड्याने राहणारी माणसे, समुद्रकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहूनही जागेचा कागद नसलेली मच्छीमार कुटुंबे, पत्र्याच्या झोपडीत हंगाम काढणारे वीटभट्टीवरचे मजूर. मुंबईत माझे मोठे काका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, पण ते तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची जमीन आहे! गावचे घर सामाईक आणि मुंबईची खोली बिनछपराची, म्हणजे एकाच कुटुंबाला दोन्ही टोकांना ऊन मिळते, वीज मिळत नाही.

अनुदानाचे आकडे पुन्हा एकदा पाहा. १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,०००. म्हणजे ज्याचे छप्पर मोठे त्याला सरकारी मदतही मोठी, आणि ज्याला छप्परच नाही त्याला शून्य. बिलाचेही तसेच. महाराष्ट्रात घरगुती विजेचा पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि पुढच्या टप्प्यांचा बराच चढा आहे. आमच्यासारख्या महिना पन्नास-साठ युनिटे वापरणाऱ्या घराची पॅनेलामुळे होणारी बचत थोडकीच. वातानुकूलित खोल्या असलेल्या बंगल्याची मात्र महागातल्या महाग युनिटांची बचत होते. युनिटे शून्य झाली तरी बिलावरचा स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि बंगलेवाले जसजसे कमी वीज विकत घेऊ लागतील, तसतसा खांब-तारांचा खर्च उरलेल्या ग्राहकांवर अधिक पडणार, हे सांगायला मोठा अर्थतज्ज्ञ लागत नाही. उरलेले ग्राहक म्हणजे कोण? ज्यांना छप्पर नाही ते!

शासनाला याची जाणीवच नाही, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदान जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याने पैशाची अडचण कमी होते. छपराची आणि कागदाची अडचण मात्र जेथल्या तेथे राहते.

काही मित्र म्हणतील, ‘मग काय, कोळसाच जाळत बसायचे?’ नाही. चंद्रपूरच्या लोकांनी राख आणि धूळ श्वासात घ्यावी आणि आपण त्यावर दिवे लावावेत, हा न्याय नव्हे. सौर वीज हवीच आहे. म्हणूनच ती कोणाच्या छपरावर आणि कोणासाठी, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. पुढे पॅनेलांचा कचरा होणार, म्हणून केंद्र सरकारने २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचाही समावेश केला आणि १ एप्रिल २०२३ पासून ते नियम लागू झाले. पंचवीस वर्षांनंतरच्या कचऱ्याचा विचार आज होऊ शकतो, तर आज अंधारात बसलेल्या माणसाचा विचार का होऊ नये?

माझ्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे प्राथमिक शाळा, ग्रामपंचायत, देवळाचा सभामंडप अशा सार्वजनिक छपरांवर पॅनेल बसवून तिथल्या विजेचा वाटा वाडीतल्या छप्पर नसलेल्या घरांच्या बिलातून वजा करावा. ही कल्पना काही स्वप्नातली नाही. एका ठिकाणच्या सौर विजेचा लाभ अनेक ग्राहकांत वाटून देण्याची तरतूद दिल्लीत २०१९ पासून नियमांत आहे. दुसरी म्हणजे सामाईक घरात प्रत्यक्ष राहून बिल भरणाऱ्याला मालकी हक्काला धक्का न लागता संच बसवता येईल असा सुटसुटीत संमतीचा कागद असावा. तिसरी, संच विकताना ‘लाईट गेल्यावर हा चालणार नाही’ हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, सही घेण्याआधी वाचून दाखवणे बंधनकारक करावे. चौथी, तालुक्याच्या आयटीआयमध्ये या संचांची दुरुस्ती शिकवून वाडीवाडीत एक तरी जाणता हात तयार करावा. आपल्या कित्येक बेकार मित्रांना त्यात कामही मिळेल.

आणि शेवटची मागणी अगदी लहान आहे. ९ वॅटचा एक एलईडी दिवा चार तास लावायला ३६ वॅट-तास वीज लागते, म्हणजे एका युनिटाचा जेमतेम अठ्ठाविसावा भाग. त्यासाठी किलोवॅट नको, स्लॅब नको, सातबारा नको आणि मुंबईच्या काकांची सही तर नकोच नको. खिडकीबाहेर ठेवता येईल एवढे पॅनेल आणि एक लहान बॅटरी पुरते. सरकार किलोवॅटमध्ये विचार करते. परीक्षेला बसणाऱ्या मुलीची गरज वॅटमध्ये आहे. मोठ्या योजनेच्या कडेला अशा छोट्या दिव्यासाठी जागा करता आली, तर आमच्यासारख्या घरांतून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या मुलामुलींचे कितीतरी तास वाचतील.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, कोणी बँकेत बसतील. सौर संचाचे अर्ज तुमच्या टेबलावर येतील. ज्यांचे अर्ज आले त्यांचे काम अवश्य करा. पण ज्यांना अर्जच करता आला नाही, ती घरे तुमच्या गावात किती आहेत, तेही एकदा मोजा.